४०७ विरुद्ध ४०७

आमच्या रूमच्या भिंतीवर दोन पोस्टर आहेत. एक बुगाटी वेरॉनचं, ते माझं. दुसरं मॅकलॅरेन एफ-१चं, ते रूम पार्टनरचं. या दोन पोस्टरवरून आमच्या रूममध्ये जितकी भांडणं झाली, तितकी मेसच्या बिलावरूनही झाली नसतील. वायवाच्या आदल्या रात्री, जर्नल अर्धवट असताना, ‘भारी कोण?’ हा प्रश्न हमखास निघतो.

माझा हुकमी पत्ता एकच. वेरॉनचा सर्वोच्च वेग, ताशी ४०७ किलोमीटर! हा आकडा मी इतक्यांदा ऐकवला आहे, की आमच्या मजल्यावर मला ‘चारशे सात’ याच नावाने हाक मारतात.

मित्रांनो, या नावामुळेच हा लेख लिहायची वेळ आली. एका रात्री तात्यांचा, म्हणजे माझ्या काकांचा, फोन आला. फोन पार्टनरने उचलला आणि ओरडला, “ए चारशे सात, घरून फोन!” तात्यांनी ते ऐकलं. मी फोन हातात घेताच ते म्हणाले, “काय रं, तुला कसं कळलं मी चारशे सात बघाय येतोय ते?”

तात्या ओतूरकडचे. कांदा पिकवतात आणि स्वतःच्या टेम्पोतून माळशेज घाट उतरून, मुरबाड, कल्याण, शिळफाटामार्गे तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटला आणतात. टेम्पो जुना झाला होता. दुसरा, तोही सेकंडहँडच, घ्यायचा होता. “तू गाड्यांचा इंजिनिअर होणार ना? मंग ये पहाटं मार्केटला. काय घ्यावं ते सांग.”

फायनल इयर मेकॅनिकलच्या पोराला एवढं पुरेसं होतं. रात्रभर जागून एक्सेलमध्ये तक्ता केला. अश्वशक्ती, टॉर्क, किंमत, प्रत्येकाला गुण, शेवटी बेरीज. वेरॉन आणि एफ-१साठी हाच तक्ता मी सेकंड इयरला केला होता. फक्त गाड्यांची नावं बदलली.

तो तक्ता कसा आपटला आणि त्यातून मी काय शिकलो, तोच आजचा धडा.

पहिली फेरी : ताकद

आधी पोस्टरवरच्या गाड्या. मॅकलॅरेन एफ-१ आली १९९२ साली. बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, ६२७ अश्वशक्ती, वजन ११३८ किलो. १९९८ साली तिने ताशी ३८६ किमी वेग गाठला. वेरॉन आली २००५ साली. ८ लिटर, सोळा सिलिंडर, चार टर्बो, १००१ अश्वशक्ती, पण वजन १८८८ किलो.

आता ताकदीला वजनाने भागा. एफ-१ : टनामागे ५५१ अश्वशक्ती. वेरॉन : ५३०. म्हणजे तेरा वर्षं उशिरा येऊन, पावणेचारशे अश्वशक्ती जास्त असूनही, या एका मापात माझी वेरॉन मागेच! (हे गणित पार्टनरला मी आजवर दाखवलेलं नाही. अंक छापून आल्यावर कळेलच.)

वेरॉन आली त्याच २००५ साली पुण्यात आणखी एक गाडी बाजारात आली, टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हाथी’. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. इंडिकाचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मधोमध कापलं तर जे उरेल, जवळपास तेच. पाऊण टन माल घेऊन गाडीचं एकूण वजन १५५० किलो. टनामागे १० अश्वशक्ती. वेरॉनच्या ५३ पट कमी.

मग ही घाट चढेल का? चढेल. ६ टक्क्यांची चढण आणि टायरच्या घर्षणाचे दीड टक्का धरू.

लागणारा जोर = १५५० × ९.८१ × ०.०७५ = सुमारे ११४० न्यूटन.

१६ अश्वशक्ती म्हणजे ११.८ किलोवॅट. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये थोडी गळती धरून चाकाशी १० किलोवॅट मिळाले, तर वेग निघतो ताशी साधारण ३२ किमी. रडतखडत, पण चढते.

महिंद्रा बोलेरो पिकअप घ्या. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल, ७५ च्या आसपास अश्वशक्ती, भरलेलं वजन सुमारे ३००० किलो. तेच गणित केलं तर त्याच चढावर ताशी ७५ किमीच्या आसपास. अशोक लेलँडची दोस्त, २०११ साली आलेली, दीड लिटर, तीन सिलिंडर, ती या दोघींच्या मध्ये. आणि टाटा ४०७, १९८६ पासूनची, तीन लिटरच्या घरातलं इंजिन, पण अंगाने जड.

माझ्या तक्त्यात पिकअप पहिली आली. टनामागे ताकद जास्त, गाडी तरुण, दिसायलाही बरी. प्रिंट काढून खिशात घातली आणि पहाटे तीनला मार्केट गाठलं.

पहाटे तीनचं मार्केट

हॉस्टेलपासून मार्केट जवळ असूनही आपल्यातले कितीजण तिथे आत गेले असतील, शंकाच आहे. आपण बाहेरून बसने जातो आणि वास आला की खिडकी लावतो. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटं तिथे आहेत. कांदा-बटाट्याचं मार्केट मुंबईतून इकडे १९८१ साली आलं, तर भाजी आणि फळांची मार्केटं १९९६ साली. आपण झोपलेले असतो तेव्हा तिथे भर दुपार असते.

ऑटोमोबाईलच्या पोरांनी तर तिथे एक रात्र काढायलाच हवी. घाटावरून येणारे दहा चाकी ट्रक, आयशर, ४०७, पिकअप एका बाजूने आत. माल उचलून दादर, भायखळा, ठाण्याकडे पळणारे छोटे हत्ती दुसऱ्या बाजूने बाहेर. या गर्दीतून पाठीवर गोणी घेतलेले माथाडी वाट काढत असतात. हॉर्न, हमालांच्या हाका, चहावाले. इथे एखादी वेरॉन आणून उभी केली, तर पहिल्या खड्ड्यातच तिचं पोट टेकेल.

तात्या गाळ्याबाहेर गोणीवर बसले होते. मी ऐटीत तक्ता पुढे केला. त्यांनी तो बॅटरीच्या उजेडात नीट वाचला आणि विचारलं,

“ही ताकद चढायची ना?”

“हो तात्या.”

“आन् मी माल घेऊन चढतो का उतरतो?”

मी गप्प. कारण ओतूरवरून मार्केटला येताना घाट उतरायचा असतो. गाडी भरलेली असते तेव्हा उतार, आणि चढ येतो तेव्हा परतीची रिकामी गाडी. अख्खा तक्ता मी उलट्या दिशेने केला होता!

दुसरी फेरी : थांबणं

मग तात्यांनी सांगितलं, जे घरी कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या हंगामात, भाव पडलेला, डिझेल वाचवायचं म्हणून त्यांनी घाटात गाडी न्यूट्रल केली होती. वर ४० गोण्या. गोणी ५० किलोची धरली तर २ टन माल, आणि टेम्पो पावणेदोन टनाचा. निम्म्याअधिक उतारावर ब्रेकचं पेडल मऊ लागलं, मग खाली खालीच जायला लागलं. शेवटी त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. दुसऱ्या बाजूला दरी होती. “गाडीची चूक न्हवती. माझी व्हती,” ते म्हणाले. “चाळीस गोण्या मीच भरल्या, न्यूट्रल पण मीच केली. पर तुझ्या काकीला सांगू नको.”

(काकी मासिक वाचत नाहीत, म्हणून लिहितो आहे. शिवाय तात्यांची परवानगी घेतली आहे. “पोरं शिकत्यात तर लिही,” म्हणाले.)

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. गाडी नियमात भरलेली, ३००० किलो. उतार ढोबळमानाने ६०० मीटर उंचीचा आणि १० किमी लांबीचा धरू.

सोडायची ऊर्जा = ३००० × ९.८१ × ६०० = सुमारे १७.७ मेगाज्यूल.

यातले साधारण ४.४ टायरचं घर्षण खातं, १ च्या आसपास हवा खाते. उरले १२ मेगाज्यूल.

दुसरीकडे, वेरॉन ताशी ४०७ किमीवरून थांबवायची तर ०.५ × १८८८ × (११३)², म्हणजे किती? १२ मेगाज्यूल!

मी हे गणित तीनदा तपासलं. जगातली एक सर्वात वेगवान गाडी पूर्ण वेगावरून थांबवायला जितकी ऊर्जा जिरवावी लागते, तितकीच एक पिकअप कांदे घेऊन घाट उतरताना जिरवावी लागते. फरक वेळेचा. वेरॉनला ती काही सेकंदांत जिरवायची असते, म्हणून तिला कार्बन सिरॅमिकच्या डिस्क आणि मागे उभा राहून हवा अडवणारा पंख. टेम्पोला मिळतात पंधरा-वीस मिनिटं, पण त्याच्याकडे असतं साधं बीड आणि लायनर.

गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर हे सगळे १२ मेगाज्यूल ब्रेकवर येतात. चारही चाकांचं तापणारं लोखंड ४० किलो धरलं, आणि थंड व्हायला वावच नाही असं मानलं, तर तापमान ६५० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा लागतो, म्हणून इतकं वाढत नाही. पण त्याच्या निम्म्यातही लायनरची पकड ढिली पडते आणि ब्रेक ऑइल उकळायला लागतं. ऑइलची वाफ झाली की पेडल दाबलं तरी फक्त वाफच दाबली जाते. आपण थर्ड इयरला ‘ब्रेक फेड’ची टीप लिहितो ना पाच मार्कांची, ती हीच. तात्यांच्या गाडीत तर ४० गोण्यांमुळे वजन आणखी पावपट वाढलं होतं.

गाडी गिअरमध्ये ठेवली तर यातला मोठा हिस्सा इंजिन खातं. तेही फुकटात, कारण गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की आजकालच्या डिझेल इंजिनात इंधन जवळजवळ बंदच होतं. म्हणजे न्यूट्रलने डिझेल वाचतं हा समजही फारसा खरा नाही. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. एका ओळीत सगळं थर्मोडायनॅमिक्स!

तिसरी फेरी : गाडीमागचा विचार

एफ-१ काढली गॉर्डन मरे यांनी. त्यांचा मंत्र, वजन कमी करा. ड्रायव्हर मधोमध, नको ते सगळं बाहेर, इंजिनाभोवती उष्णता परतवायला चक्क सोन्याचा पातळ पत्रा. वेरॉनचा विचार उलटा. आधी आकडा ठरवला, मग त्यासाठी लागेल ते सगळं घातलं. नुसते रेडिएटरच दहा.

तेच दोन विचार मार्केटच्या गेटवर उभे असतात. छोटा हाथी म्हणजे आपली एफ-१. ‘पाऊण टन माल, शहरातली गल्ली, रिक्षाटेम्पोवाल्याला परवडेल अशी चार चाकं’ एवढं एकच काम समोर ठेवून गिरीश वाघ यांच्या टीमने ती केली. बारा इंची चाकं, छोटा फेर, बस्स. २०१७ सालापर्यंत ती वीस लाखांवर खपली. एफ-१ एकूण बनल्या १०६, वेरॉन ४५०.

४०७ चा विचार वेगळा. ऐंशीच्या दशकात जपानी तंत्राच्या हलक्या ट्रकची लाट आली होती, डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निसान. त्यांच्यासमोर ४०७ उभी राहिली ती आपल्या रस्त्यांवर टिकण्याच्या जोरावर. जाड चासी, कमानपाटे, कुणालाही उघडता येईल अशी रचना.

माझ्या तक्त्यात नसलेली एक गोष्ट तिथल्या एका माथाडीने सांगितली, हौद्याची उंची. पाठीवरची गोणी हौद्यात टाकायची तर फाळका किती उंच आहे, यावर त्याची कंबर ठरते. दिवसाला शेकडो गोण्या. ही मिती कुठल्याही ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात नसते.

जाता जाता, गंमत म्हणून. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी १९६३ साली गाड्यांत उतरण्याआधी ट्रॅक्टर बनवायचे. आणि एफ-१ वाल्या मरे यांनी पुढे ‘ऑक्स’ नावाचा एक ट्रक काढला, गरीब देशांतल्या कच्च्या रस्त्यांसाठी, सुट्या भागांत पाठवून जोडता येणारा, १९०० किलो नेणारा. त्यातही ड्रायव्हर मधोमध बसतो! म्हणजे सुपरकारवाल्यांनाही शेताचा रस्ता ठाऊक होता.

चौथी फेरी : विकताना काय?

२०२१ साली अमेरिकेत एक एफ-१ लिलावात २ कोटी डॉलरच्या वर गेली. ती १९९५ ची होती आणि मीटरवर ४०० किमीसुद्धा नव्हते. तात्यांच्या दीड फेरीइतकं अंतर, सव्वीस वर्षांत! सुपरकारची किंमत वाढते ती दुर्मीळ असते म्हणून, आणि न चालवल्यामुळे.

मार्केटात नेमकं उलट. तिथे एक फिटर मामा आहेत. रात्री ट्रकखाली, दिवसा झोपलेले. त्यांना विचारलं, सेकंडहँडला भाव कशाला? म्हणाले, “जी गाडी सगळ्यांकडं हाय तिला. ४०७ चा क्लच मी डोळे मिटून काढतो. रात्री दोनला पार्ट मिळतो. दुर्मीळ गाडी आली तर तिची किंमत मी नाही, तिचा पार्ट ठरवतो.”

मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकं सरळ वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं. सुपरकारला किंमत ती कमी असल्यामुळे, टेम्पोला किंमत तो सगळीकडे असल्यामुळे. कांदा घेऊन बंद पडलेली गाडी म्हणजे सडणारा माल. ती किती लवकर उठेल, यालाच तिथे परफॉर्मन्स म्हणतात.

इकॉनॉमिक्सच्या पेपरला आपण घसारा काढतो. ८ लाखांची गाडी, दर वर्षी ३० टक्के, पाच वर्षांनी उरले १.३४ लाख. पुस्तकात ठीक. पण खरेदी करणाऱ्याने करायचं गणित असं,

किमीमागे घसारा = (घेतली ती किंमत − विकेल ती किंमत) ÷ चाललेले किमी.

समजा एक गाडी ५ लाखांना घेतली आणि चार वर्षांनी २ लाखांना गेली. दुसरी ६ लाखांना घेतली आणि ४ लाखांना गेली. दोघी १ लाख ६० हजार किमी चालल्या. पहिलीला किमीमागे १ रुपया ८८ पैसे पडले, दुसरीला १ रुपया २५ पैसे. घेताना स्वस्त दिसलेली गाडी महाग पडली. माझ्या तक्त्यात ‘किंमत’ होती, ‘विकताना’ हा रकानाच नव्हता.

वयही बघावं लागतं. मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी करावं लागतं. म्हणून सातव्या वर्षाची स्वस्त गाडी दिसली, की आधी विचार करा ती विकणारा आताच का विकतोय.

मग काय ठरलं?

उजाडता उजाडता आम्ही तक्ता फाडला आणि त्याच कागदाच्या पाठीवर नवा केला. रकाने तात्यांनी सांगितले. पहिला रकाना, गोण्या. छोटा हाथी १५, पिकअप २६, ४०७ ला ४० नियमात बसतात. तात्यांचा माल ४० गोण्या. म्हणजे पिकअप घेतली तर एक तर दोन फेऱ्या, नाही तर पुन्हा तोच ओव्हरलोड आणि पुन्हा तोच घाट.

पिकअप वाईट म्हणून नव्हे. २५ गोण्यांचा शेतकरी असता तर मी आजही तिचंच नाव घेतलं असतं, आणि दादरच्या भाजीवाल्याला छोटा हाथीच. पण चाळीस गोण्यांना ४०७. ताकदीच्या तक्त्यात ती पिकअपच्या मागे होती, हे लक्षात असू द्या.

आणखी आठ दिवसांनी, फिटर मामांनी खाली झोपून तपासलेली एक ४०७ घेतली. कागदांचं काम माझ्याकडे होतं, ते इथे देतो, कुणाच्या घरी उपयोगी पडेल. आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी बघायचं. ई-चलन थकलेलं नाही ना बघायचं. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओकडची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. हे हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. आणि पहिल्याच दिवशी चारही ड्रम उघडून लायनर, व्हील सिलिंडर आणि ब्रेक ऑइल नवं. तात्यांनी कुरकुर केली नाही.

त्या पहिल्या खेपेला मी सुट्टी काढून मुद्दाम ओतूरहून सोबत आलो. माळशेजचा उतार सुरू झाला, तात्यांनी गाडी खालच्या गिअरला टाकली आणि इंजिन घुमायला लागलं. चाळीस गोण्या, ताशी वीस-पंचवीसचा वेग. मागून एक कार हॉर्न वाजवत गेली. तात्या म्हणाले, “जाऊ दे त्याला. आपल्याला पोचायचंय.” खाली उतरल्यावर एका टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरून ड्रमजवळ हात नेला आणि हसले. तापला होता, पण हात जवळ नेता येत होता.

वेरॉनचं पोस्टर अजून भिंतीवर आहे, काढणार नाही. पार्टनरशी भांडणही चालूच राहील. फक्त कुणी विचारलं, “भारी कोण?” तर आता मी आधी विचारतो, “माल किती, आणि चढायचं का उतरायचं?”

आणि हो, मजल्यावर मला अजून ‘चारशे सात’च म्हणतात. आता ते नाव जरा जास्त आवडतं.